लाइटहाउसची चव

फळा लावायची कल्पना जावयाची होती, त्यामुळे तिच्यात काहीतरी खोट असणार हे नॉर्बर्ट झिमान्स्कीला फळा न पाहताच ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी बायकोला, लॉरेनला, घेऊन तो आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला शिरला, तर बारच्या वर, जिथे इतकी वर्षं दिवंगत बंबप्रमुखांची तसबीर होती, तिथे हा भला थोरला काळा फळा. तसबीर स्वच्छतागृहाच्या वाटेवर गेली होती. बंबप्रमुख आता येणाऱ्याजाणाऱ्याकडे जरा अवघडल्यासारखे बघत होते.

फळ्यावर रंगीत खडूनं बारच्या चारही नळांवरच्या बिअरची नावं होती, आणि प्रत्येक नावाखाली तिच्या चवीचं वर्णन. पहिलीखाली ‘आंब्याचा गर, पाइनची साल, शेवटी सुखद कडवटपणा’. दुसरीखाली ‘भाजलेले ओट, कॉफी, जुन्या लाकडाची आठवण’. तिसरीखाली ‘संत्र्याची साल, धणे, उन्हाळ्यातली दुपार’. चौथा नळ लाइटहाउस क्रीम एलचा. हिरव्या डब्यात मिळते ती, सगळ्यांत स्वस्त, जिच्यात क्रीम नसतं आणि असावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. तिचं नाव होतं. खाली काही नव्हतं. नुसता काळाभोर फळा.

जावई बारच्या मागेच उभा होता. त्याचं नाव डेरेक. दिवसा विमा कंपनीत नोकरी, एरवी गावच्या हौशी बंबदलात जवान, आणि नववर्षापासून हॉलच्या बारसमितीचा प्रमुख. माणूस सज्जन होता. नॉर्बर्टची त्याच्याबद्दल हीच मुख्य तक्रार होती, कारण सज्जन माणसावर धड चिडताही येत नाही.

“आमच्या बिअरखाली काही लिहिलं नाहीस?” नॉर्बर्टनं विचारलं.

“प्रयत्न केला हो, नॉर्ब. ग्लास घेऊन बसलो होतो. काही सुचेचना.”

“म्हणजे तिला चव नाही म्हणतोस?”

“आहे ना. पण कशासारखी, ते सांगता येत नाही. तुम्ही सांगा, मी आत्ता लिहितो.” आणि डेरेकनं खरोखरच खडू उचलला.

नॉर्बर्टनं तोंड उघडलं. हा माणूस पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला. नळाचं पाणी जिभेवर घेऊन कोणत्या पेठेतली जलवाहिनी गंजली आहे ते सांगायचा, असं तो स्वतःच सांगायचा. लाइटहाउस तर तो मिसरूड फुटल्यापासून पीत आलेला. तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. मागे रांग तुंबली. बारवरची बेव्ह म्हणाली, “नॉर्ब, मासा हवाय की हवा खाताय?” आणि रांगेतले लोक हसले. फार नाही हसले, पण नॉर्बर्टला पुरेसं होतं.

डेरेकनं मग आवाज खाली आणून खरी गोष्ट सांगितली. बफेलो शहरातली एक नवी बिअर कंपनी हॉलमध्ये नळ मागत होती. तरुण सभासदांना ती हवी होती. नळ चारच, तेव्हा एकीला जावं लागणार. पुढच्या शुक्रवारी समितीची बैठक होती, आणि जिच्याबद्दल कोणाला दोन शब्द बोलता येत नाहीत ती बिअर ठेवायची कशाला, असं बहुमत दिसत होतं.

“मी दोन शब्द आणतो,” नॉर्बर्ट म्हणाला. “दोनशे आणतो.”

आता एवढं काय अडलं होतं, असं कोणी विचारेल. बिअर काय, किराणा दुकानातही मिळते. पण नॉर्बर्टनं उमेदीची वर्षं त्याच बंबावर काढली होती. आग विझवून परत आलं की काजळलेल्या तोंडानं जी प्यायची ती लाइटहाउस. पोरीच्या लग्नाचं जेवण याच हॉलमध्ये झालं, तेव्हाही हीच. भावाच्या मयतीनंतर सगळे इथेच बसले, तेव्हाही हीच. तसबीर हलली, आता नळ हलणार, आणि त्यानंतर कोणाला स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावतील ते त्याला स्पष्ट दिसत होतं. हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या रात्री त्याला मासा गोड लागला नाही.

अडचण एकच होती. लेंट चालू होता.

ईस्टरपर्यंतच्या या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस न खाता मासा खायचा, आणि प्रत्येकानं आवडती एक गोष्ट सोडायची. नॉर्बर्ट दरवर्षी बिअर सोडायचा आणि दरवर्षी अर्ध्या वाटेत पुन्हा धरायचा. एका वर्षी फुटबॉलमुळे, एका वर्षी मेहुण्यामुळे, एका वर्षी नुसतीच. यंदा मात्र तो टिकून होता. लॉरेननं ही गोष्ट चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवली होती, म्हणजे आता माघार घ्यायची सोय नव्हती. ज्या बिअरचं वर्णन करायचं तिला ईस्टरपर्यंत तोंड लावायचं नाही आणि बैठक ईस्टरच्या आधी, असा हा पेच होता.

पहिला सल्ला शेजारच्या मार्व्हनं दिला. मार्व्ह एबर्लीकडे सल्ला मागावा लागत नाही, तो कुंपणावरून आपोआप येतो. “अरे, रविवार लेंटमध्ये धरत नाहीत,” तो म्हणाला. “माझी आई रविवारी चॉकलेट खायची. फादरना विचार.”

फादर ऑगींना विचारलं. फादर म्हणाले, तत्त्वतः खरं आहे, रविवार हा सणाचाच दिवस. नॉर्बर्ट हे तत्त्व घेऊन आनंदानं घरी आला.

लॉरेन इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही. “येशू रानात उपास करत होता,” ती म्हणाली, “तो काय रविवारी बिअर प्यायला घरी येत होता?”

“पण फादर म्हणाले...”

“फादरना घरी बायको नाही, नॉर्बर्ट.”

ती त्याला नॉर्ब म्हणायची तेव्हा सगळं ठीक असायचं. नॉर्बर्ट म्हणाली की विषय संपला.

मग मार्व्हनं दुसरा सल्ला दिला. प्यायची नाही ना, मग नुसता वास घे. ते खरे दर्दी लोक वासावरच सगळं ओळखतात, जीभ म्हणजे नुसती औपचारिकता. शनिवारी दुपारी दोघं गॅरेजमध्ये बसले. बाहेर सरोवरावरून बर्फाचा वारा येत होता. नॉर्बर्टनं डबा फोडला, नाक खुपसलं, डोळे मिटले आणि अंतर्मुख झाला. त्याला गवत कापायच्या यंत्राच्या तेलाचा वास आला. पुन्हा खुपसलं. या खेपेला मार्व्हच्या कोटाचा. बिअरचा वास म्हणाल तर थंड होता. पण थंड हा काही वास नव्हे, एवढं त्यालाही समजत होतं.

उघडलेला डबा वाया घालवणं पाप, म्हणून तो मार्व्ह प्यायला. दुसरा उघडला, त्याचीही तीच गत. तिसऱ्यानंतर असं ठरलं की वास नॉर्बर्टनं घ्यायचा, चव मार्व्हनं सांगायची आणि दोन्ही जोडून वर्णन तयार करायचं. योजना तशी निर्दोष होती. फक्त मार्व्हनं आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात काम केलेलं, त्याच्या नाकाजिभेनं कधीच राजीनामा दिला होता.

“हं, सांग. कशी लागतेय?”

मार्व्हनं बराच विचार केला. “ओली,” तो म्हणाला.

पुढच्या डब्यानंतर तो जास्त बोलू लागला, पण ते सगळं त्याच्या टोलीडोच्या बहिणीबद्दल होतं. तिनं आईचा कपाटबंद चिनी मातीचा सेट एकटीनं कसा लाटला, हे नॉर्बर्टला सविस्तर कळलं. संध्याकाळी मार्व्हची बायको त्याला न्यायला आली तेव्हा तिनं नॉर्बर्टकडे अशा नजरेनं पाहिलं, की न पिता झिंगल्याचा ठपका कसा येतो ते त्याला समजलं.

सोमवारी त्यानं थेट कंपनीलाच फोन लावला. डब्यावर ग्राहकसेवेचा क्रमांक होता. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली.

“सर, आपली काय तक्रार आहे?”

“तक्रार नाही. तुमची बिअर कशी लागते ते हवंय.”

“चवीबद्दल तक्रार. डब्याच्या बुडाचा क्रमांक सांगाल?”

“अहो, तक्रार नाही म्हणतोय. मला आवडते ती.”

“मग अडचण काय आहे, सर?”

“कशी लागते ते आठवत नाही.”

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली. मग त्या मुलीनं अगदी मायेनं विचारलं, “घरात आपल्याबरोबर आणखी कोणी आहे का, सर?” नॉर्बर्टनं फोन ठेवला. गुरुवारी कंपनीकडून पार्सल आलं. आत क्षमापत्र होतं आणि एक हिरवा टीशर्ट, ज्यात तो आणि मार्व्ह दोघं एकदम मावले असते. चव कशी लागते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कंपनीलाही सुचलं नसावं, असं नॉर्बर्टच्या मनात आलं, आणि त्याला त्या कंपनीबद्दल प्रथमच कणव वाटली.

इकडे गावात बातमी फुटलीच होती. न्हाव्याकडे, डाकघरात, सगळीकडे लोक त्याला वर्णनं सुचवू लागले. कोणी म्हणालं मक्याचं कणीस, कोणी म्हणालं शाळेतल्या नळाचं पाणी. हे सगळं गमतीत चाललं होतं, पण नॉर्बर्टचा गमतीचा कोटा संपला होता. डाकघरात सगळ्यांसमोर तो बोलून गेला, “वर्णन गेलं खड्ड्यात. डोळे बांधून चार ग्लास ठेवा. माझी बिअर मी ओळखून दाखवतो. ओळखली तर नळ राहील.”

बोलला आणि घरी येईपर्यंत पस्तावला. तोवर डेरेकचा फोन येऊन गेला होता. समितीला कल्पना पसंत होती. रीतसर सूचक आणि अनुमोदक मिळाले होते, आणि अध्यक्षांनी प्रत्येक ग्लासातून एकच घोट, असा नियमही करून टाकला होता. आता फक्त लेंटचं काय ते बघायचं होतं. फादर ऑगींनी निवाडा दिला, सार्वजनिक कामासाठी घेतलेला एक घोट म्हणजे पिणं नव्हे, मात्र त्यातून आनंद घेता कामा नये. लॉरेननं निवाडा ऐकून घेतला.

“एक घोट,” ती म्हणाली. “घोट म्हणजे घोट, नॉर्बर्ट. चर्चच्या पायरीवर मला मान खाली घालायला लावू नकोस.”

शुक्रवारी हॉल असा भरला की कोबीची कोशिंबीर पहिल्या तासातच संपली. लॉरेन स्वयंपाकघराच्या खिडकीत मासे वाढायला उभी होती. मधल्या टेबलाशी नॉर्बर्टला बसवलं. बेव्हनं त्याच्या डोळ्यांवर स्वयंपाकघरातलं फडकं बांधलं. त्या फडक्याला मासे तळायच्या तेलाचा इतका खमंग वास होता, की नाकाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. चार प्लास्टिकचे ग्लास समोर आले. कोणत्यात काय ते फक्त बेव्हला माहीत. फादर ऑगी पंच म्हणून शेजारी बसले, मार्व्ह पाठीराखा म्हणून मागे उभा राहिला.

पहिला घोट. नॉर्बर्टनं तो तोंडात घोळवला आणि म्हणाला, “कडू. आजारपणात देतात तसं काहीतरी.” लोक हसले. दुसरा घोट घेतला आणि तो थांबला. काहीतरी ओळखीचं वाटलं. संथ, मऊ. “ही जवळची आहे,” तो म्हणाला. तिसऱ्या घोटाला तोंड वाकडं झालं. “यात मसाला पडलाय.” बेव्हनं चौथा ग्लास त्याच्या हातात दिला, आणि तेवढ्यात छपरावरचा भोंगा वाजला.

आगीचा भोंगा वाजला की त्या हॉलमध्ये दुसरं काही उरत नाही. खुर्च्या उलटल्या, अर्धे जेवणारे अर्धा मासा टाकून धावले, बंबाची घरघर सुरू झाली. सगळा हॉल खिडक्यांशी गोळा झाला. रेडिओवर कोणीतरी मेपल रस्ता म्हणालं, दुमजली घर म्हणालं. डेरेकचा आवाज नॉर्बर्टला दारातून ऐकू आला, “शिडी घ्या, शिडी.” मग बंब गेला.

नॉर्बर्ट फडकं बांधून तसाच बसून राहिला. ते सोडायचं भानच त्याला राहिलं नाही. मेपल रस्त्यावरची जुनी लाकडी घरं त्याला आतून माहीत होती. जिने अरुंद, माळे सुक्या लाकडाचे. एकदा अशाच एका जिन्यात त्याचा पाय खाली गेला होता. डेरेकला हे सांगायला हवं होतं, भिंतीच्या कडेनं चढ म्हणून. सांगितलं होतं का कधी? आंबा आणि पाइनवरून वाद घातला, पण जिन्याचं काही सांगितलं नव्हतं. पोरगी घरी असेल, तिनं भोंगा ऐकला असेल. तो बसून राहिला आणि कान देऊन ऐकत राहिला.

फार वेळ गेला असं त्याला वाटलं. मग बंब परतला, दारं आपटली आणि हसण्याचा आवाज आला. म्हाताऱ्या मिसेस ओल्डेनबर्गनं टोस्टरमध्ये वॉफल ठेवून टीव्ही लावला होता. वॉफल गेलं, बाकी सगळे सुखरूप.

“बिचारे नॉर्ब अजून तसेच बसलेत,” डेरेक म्हणाला. त्याचा आवाज ऐकल्यावरच नॉर्बर्टनं श्वास सोडला. “सांगा, कोणती?”

“दुसरी,” नॉर्बर्ट म्हणाला. त्याला आता लवकर घरी जायचं होतं.

बेव्हनं दुसरा ग्लास उचलून पाहिला. मग म्हणाली, “दुसरी ती ओटवाली, नॉर्ब. पिट्सबर्गची.”

हॉलमधून एक लांब सुस्कारा गेला. कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्यानं फडकं सोडलं. सगळ्यात आधी त्याला फळा दिसला, मग बफेलोच्या बिअरवाल्या तरुण पोरांचे चेहरे. ते खाली बघत होते.

“पण चौथीचा घोट झालाच नाही,” फादर ऑगी म्हणाले. “नियमानं तो घ्यायला हवा.” त्यांनी ग्लासाकडे हात केला आणि तो तसाच राहिला. ग्लास रिकामा होता. तळाशी फेसाचं एक कडं तेवढं होतं.

“ही कोणती होती?” डेरेकनं विचारलं.

“लाइटहाउस,” बेव्ह म्हणाली. “काठोकाठ भरून त्याच्या हातात दिली होती.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्व्हला प्रसंगाचं गांभीर्य सगळ्यांच्या आधी कळलं. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि छाती पुढे काढून म्हणाला, “मी प्यायलो. गडबडीत. माझंच चुकलं.”

शेजारी म्हणून मार्व्हला कोणी काही म्हणो, त्या क्षणी तो देवमाणूस होता. नॉर्बर्टनं नुसती मान डोलावली असती तर काम झालं असतं. लेंट शाबूत, लॉरेनची मान ताठ, आणि नळ तेवढा गेला असता. खिडकीत लॉरेन हातात झारा घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, अगदी त्या फळ्यासारखं.

“मार्व्ह रस्त्याकडच्या खिडकीशी होता, तिथून त्याचा आवाज येत होता,” नॉर्बर्ट म्हणाला. “मीच प्यायलो. अख्खा ग्लास.”

“कधी?” डेरेकनं विचारलं.

“तू येतोस की नाही ते ऐकत बसलो होतो. कधी संपला ते कळलं नाही.”

डेरेक जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या कोटाला जळक्या वॉफलचा वास येत होता.

फादर ऑगी घसा खाकरून म्हणाले, “आनंद झाला का, नॉर्बर्ट?”

“कळलंच नाही, फादर. आनंद कुठून होणार?”

“मग शास्त्राप्रमाणे...”

“फादर,” खिडकीतून लॉरेन म्हणाली, “तुमचा मासा गार होतोय.”

बैठक तिथेच झाली. डेरेक सूचक म्हणून उभा राहिला. तो म्हणाला, बाकीच्या तिन्ही ग्लासांत बिअर शिल्लक आहे, त्याच्या स्वतःच्या आवडीचीही. ज्या बिअरचा घोट मोजावा लागत नाही तिचा नळ या हॉलमधून काढू नये. बफेलोवाल्यांना ओटवालीची जागा मिळावी. अनुमोदन बफेलोवाल्या पोरांपैकीच एकानं दिलं. मग डेरेक खडू घेऊन स्टुलावर चढला.

“काय लिहू, नॉर्ब?”

नॉर्बर्टनं विचार केला. “लिही, ‘कधी संपते कळत नाही.’”

फळ्यावर आजही तेच आहे. लोक समजतात विनोद आहे.

घरी जाताना गाडी लॉरेननं चालवली. दारात बूट काढताना म्हणाली, “तुझा लेंट आजपासून पहिल्यापासून. ईस्टर गेला तरी मोजत राहायचं.” त्याला ते मान्य होतं.

ईस्टरच्या दुपारी सगळे जमले. डुकराचं भाजलेलं मांस होतं, ईस्टरला टेबलावर मांडतात ते लोण्याचं कोकरू होतं, आणि डेरेकनं न सांगता हिरव्या डब्यांचं खोकं आणलं होतं. सगळ्यांच्या पुढे बिअर आणि घरच्या कर्त्या पुरुषापुढे लिंबाचं सरबत. लॉरेननं एक डबा फोडला, स्वतःच्या ग्लासात ओतला आणि एक घोट घेतला. इतक्या वर्षांत तिनं कधी बिअर चाखली नव्हती.

“यात काहीच नाही की,” ती म्हणाली. “एवढ्यासाठी गावभर तमाशा केलास? चव ना ढव. कंपनीला फोन काय, डोळ्यांवर फडकं काय. आणि मला तिथे खिडकीतून दिसत होतं बरं, चेहरा कसा पांढराफटक पडला होता तुझा. फडकं होतं तरी दिसत होतं. मी म्हटलं, हा आता उठून फडक्यासकट बंबामागे धावणार.” जेवण होईपर्यंत ती बोलतच होती. डेरेक मान खाली घालून खात होता, आणि पोरगी आईकडे बघत होती.

जेवण झाल्यावर ती टेबल आवरायला उठली. तिनं आपला ग्लास उचलला आणि त्यात पाहिलं; तळाशी फेसाचं एक कडं तेवढं होतं. मग नॉर्बर्टकडे पाहिलं. नॉर्बर्ट लोण्याच्या कोकराकडे फार लक्षपूर्वक बघत होता.

लॉरेननं ग्लास खाली ठेवला. खोक्यातून एक डबा काढला, फोडला आणि त्याच्या सरबताच्या जागी ठेवला.

“घे, नॉर्ब,” ती म्हणाली. “संपला तुझा लेंट.”